‘ती व्यायामाला उठतच नाही’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र ठाण्याहून आलंय, २०२० च्या करोना लॉकडाउनमधलं. लिहिणारे ४३ वर्षांचे, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, मार्चअखेरीपासून घरूनच काम. पत्नी ३९ वर्षांची, विमा कंपनीत. तीही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करते. मुलगी चौथीत, परीक्षा रद्द झाल्यामुळे दिवसभर घरातच. घर वन बीएचके. जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत पत्नीचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा) ६.१ आला. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे हे गृहस्थ घाबरले. लॉकडाउन लागल्यावर त्यांना वाटलं, आता वेळच वेळ आहे, तब्येत कमावू. दोघांचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं: सकाळी सहा ते सात व्यायाम, दर रविवारी वजन. पत्नी पहिले काही दिवस उठली, मग थांबली. म्हणते, ‘दिवसभर घरकाम करते, तोच माझा व्यायाम.’ यांचं वजन तीन किलोंनी उतरलं, तिचं दोन किलोंनी वाढलं. यांनी घरात साखर आणणं बंद केलं, तरी रविवारी मुलीसाठी केक होतोच. टोकलं की भांडण, आणि सध्या अबोला. ते विचारतात, ‘तिच्याच भल्यासाठी सांगतोय हे तिला कसं पटवू? जोडीने व्यायाम केला की उत्साह टिकतो असं सगळे सांगतात. आमच्याकडेच का जमत नाही?’

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एक वाक्य कंसात आहे: ‘(मावशी येत नाहीत त्यामुळे ती जरा दमते, हे मान्य.)’ आधी त्या कंसाबद्दलच बोलूया, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

वेळापत्रकाचा फोटो सोबत पाठवलात, बरं केलंत. सहा ते सात व्यायाम. सात ते साडेसात नाश्ता. नऊला लॉगिन. एक ते दीड जेवण. रंगीत पेनांनी, नेटकं लिहिलंय. पण नाश्ता समोर येतो कुठून, हे त्यात नाही. करोनाच्या या दिवसांत दुधाची पिशवी आली की आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, मग कापायची. भाजीची गाडी सोसायटीच्या गेटशी आली की मास्क लावून रांगेत उभं राहायचं, आणलेली भाजी बादलीत बुडवायची, निथळून जुन्या पंचावर पसरायची, पिशव्या गॅलरीत टांगायच्या, हात धुवायचे, आणि नळाला हात लागला म्हणून नळही धुवायचा. पूर्वी सकाळी डबे भरले की ओटा संध्याकाळपर्यंत मोकळा असायचा. आता तिघंही घरात, त्यामुळे अकराला चहा, चारला ‘काहीतरी खायला’, आणि सिंक कधी रिकामं दिसतच नाही. तुमच्या घरी यातलं कोण काय करतं ते पत्रात नाही. पण सहा ते सात तुम्ही मनापासून घाम गाळू शकता, त्या तासाभरात बाकीचं घर कोणीतरी पाहत असणार.

आता तिचं म्हणणं. घरकाम म्हणजे व्यायाम का? केर काढणं, लादी पुसणं, हाताने कपडे धुणं हे मध्यम श्रमाचं काम आहे, ते हिशोबात धरायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि त्यात घरकामही येतं. ओळखायची खूण सोपी: काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागायला हवा. पोळ्या लाटणं, भांडी घासणं हे मात्र त्यात बसत नाही. तासभर ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात, कंबर धरते, पण दम लागत नाही. म्हणजे थकवा पुरेपूर आणि व्यायाम थोडा. तुमच्या पत्नीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण त्या अर्ध्यामुळेच तिच्या अंगात सकाळी सहाला उठून उड्या मारायचं त्राण उरत नसेल, तर तिला दोष देऊन काय मिळणार?

तुमची काळजी खरी आहे, हेही सांगते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, ६.१ त्याच्या मधोमध. आणि या टप्प्यावर जीवनशैली बदलून फरक पडतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि बेताने वजन कमी करणं एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास पाचशेहून अधिक भारतीयांवर केला. तो २००६ साली आला. त्यात रोज निदान अर्धा तास चालणं आणि आहारातले बदल यांनी तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. ज्यांना आधीच अंगमेहनतीचं काम होतं किंवा रोज अर्ध्या तासाहून जास्त चालावं लागत होतं, त्यांच्यावर नवा व्यायाम लादला नाही, आहे तेच चालू ठेवा म्हणाले. तुम्ही मात्र तुमच्या घरी दिवसाकाठी काय काय चालतं याची चौकशी न करता थेट वेळापत्रक लावलंत.

आणखी एक चौकशी राहून गेलीय. ती दमते, पण का? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढतानाच धाप लागते, व्यायामाचं नावही नको वाटतं. थायरॉइडचं काम मंदावलं तरी थकवा येतो आणि वजन वाढतं. आणि पुष्कळ जणांना ठाऊक नसतं, पण शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. म्हणून त्या ६.१ सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि उपाशीपोटीची साखर पाहिल्याशिवाय एवढ्या एका आकड्यावर घर हलवू नका. दवाखान्यात जायची भीती वाटत असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर विचारता येईल. त्याची सरकारी नियमावली २५ मार्च २०२० लाच आली आहे. फोन मात्र तिने लावायचा. रिपोर्ट तिचा आहे, डॉक्टरांशी काय बोलायचं तेही तिचं. तिने बोलावलं तर शेजारी बसा.

राहिला जोडीचा प्रश्न. जोडीने व्यायाम केला की उत्साह टिकतो हे काही जोडप्यांच्या बाबतीत खरं आहे. दोघांचा वेग सारखा असेल, दोघांना एकाच वेळी मोकळीक असेल आणि एकाने दुसऱ्याची हजेरी घेतली नाही, तर मजा येते. तुमच्या हॉलमध्ये टीपॉय सरकवून दोन चटया बसतही असतील. पण नवरा प्रशिक्षक झाला की बायको आपोआप विद्यार्थिनी होते, आणि ३९ व्या वर्षी, स्वतःच्या घरात, वजनकाट्यावर उभं राहून गुण मिळवायला कोणाला आवडेल? तुम्ही ‘काळजीपोटी टोकतो’ असं लिहिलंय. टोकून कुणाची साखर उतरलेली मी पाहिली नाही. चिडून दोन बिस्किटं जास्त खाल्लेली मात्र पुष्कळदा ऐकलंय.

मग तिला तिच्या हालावर सोडून द्यायचं का? तेही नको, कारण उंबरठ्यावरची साखर आपोआप खाली येईलच असं नाही. मला विचाराल तर व्यायामाचा विषय महिनाभर मिटवून टाका आणि कामाची वाटणी काढा.

केर-लादी पूर्ण तुमची. पलंगाखालची, बाथरूमची, फडकं धुऊन वाळत घालण्यासकट. उकिडवं बसून किंवा ओणवं होऊन पुसलीत तर मांड्या, पोट, खांदे सगळं कामाला लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर दांड्याचं मॉप घ्या, जोर लावा. रात्रीची भांडीही तुमची. ‘सांग, काय करू?’ असं विचारायचं नाही, कारण विचारलंत की ते काम पुन्हा तिच्या डोक्यावर गेलं. सुरुवातीला कोपरे राहतील, ती बोलेल. ऐकून घ्या आणि कोपरे पुसा.

संध्याकाळी चाळीस मिनिटं बेडरूमचं दार बंद, आत ती एकटी. त्या वेळात मुलगी, दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या सगळं तुमच्याकडे. ती आत व्यायाम करते, फोनवर बहिणीशी बोलते की झोपते, हे पाहायचं नाही, नंतर विचारायचंही नाही. पहिले काही दिवस बहुधा झोपेलच. झोपू द्या. मला वाटतं, झोप भरून निघाली की अंग स्वतःहून हालचाल मागतं. नाहीच मागितली, वाटणी बदलूनही ती दोन-तीन आठवडे उदास, चिडचिडी राहिली, रात्री टक्क जागी राहू लागली, तर मग प्रश्न व्यायामाचा नाही. विमा कंपन्यांत, सगळीकडेच, पगारकपातीच्या बातम्या आहेत. तिच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तरी त्याचा उल्लेख नाही.

रविवारचं वजन बंद. काटा पलंगाखाली. तिला हवं असेल तर तिने महिन्यातून एकदा कंबरेला टेप लावावी. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तुम्हीही मोजा. तीन किलो उतरले हे कौतुकाचं आहे, पण पाठ दुखते असं तुम्हीच लिहिलंय आणि नऊ ते आठ तुम्ही जेवणाच्या खुर्चीवर बसता. सकाळच्या एका तासाने अकरा तासांचं बसणं पुसलं जात नाही. अर्ध्या तासाने उठा, फोनवरच्या मीटिंगा उभ्याने घ्या, रात्री एकपर्यंत मालिका पाहणं सोडा. वेळापत्रकात ‘झोप’ हा शब्द मला सापडला नाही.

तिनेच कधी विचारलं, ‘काय करू?’, तर काय सांगाल? व्हिडिओतल्या उड्या नकोत. अनवाणी, कडक लादीवर गुडघे दुखतात आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. सुरुवात बैठकांपासून करावी. ओट्याची कड धरून, पाठ ताठ ठेवून, खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायचं आणि उठायचं. दहा झाल्या की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा. चहाला उकळी येईपर्यंत होतात. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी, काम करताना ते रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून साखरेसाठी बैठकांइतका स्वस्त उपाय नाही. जमिनीवरचे जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून जोर. सूर्यनमस्कार येत असतील तर चार, सावकाश, श्वास न कोंडता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींना नमस्कार घालायला लावले, त्याला आता शतक होत आलं. त्यांना काही ऑनलाइन क्लास लागला नव्हता, एक सतरंजी पुरली. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. त्याला डंबेल नकोत, लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो आणि कणकेची पिशवी पाच किलो.

सगळ्यांत उपयोगी आहे ती शतपावली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखरेची उसळी कमी होते, आणि ही उसळीच उंबरठ्यावरच्या माणसाला जड जाते. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर, भले चकरा माराव्या लागोत. जोडीने काही करायचंच असेल तर हे करा, मुलीलाही घ्या. या वेळात वजन, साखर, ऑफिस हे विषय बंद. मायलेकींनी फुगडी घातली तर तुम्ही बाजूला उभे राहून मोजू नका.

आता साखरेचा डबा. तो परत आणा. मोठ्या माणसाला न विचारता तिच्या स्वयंपाकघरातली वस्तू बंद करणं मला रुचलं नाही. रविवारच्या केकने मधुमेह होत नाही. पाहायचं तर चारच्या खाण्याकडे आणि तेलाच्या डब्याकडे पाहा. तेल महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. पाच लिटरचा डबा फोडलात की त्यावर तारीख लिहा, संपेल तेव्हा कळेलच. चारला फरसाणाच्या जागी मोडाची मटकी, दाणे, भाजलेले चणे. भाजी मिळत नसेल त्या दिवशी मूग, चवळी, वाल, कुळीथ, जे डब्यात असेल ते, आणि सोबत भाकरी. आंब्याचं म्हणाल तर यंदा बागायतदार थेट सोसायट्यांत पेट्या पोचवतायत, तुमच्याकडेही आली असेल. तिने आंबा सोडावा असं मी म्हणणार नाही. पुरी-आमरसाच्या वाट्या चापून दुपारी ताणून देण्यापेक्षा मधल्या वेळी एक आंबा कापून खावा, रसात वरून साखर नको. आणि हे पथ्य सगळ्यांना सारखं. एकाला ताटात कारलं आणि दुसऱ्याला जिलबी असं होऊ नये.

एक छोटी गोष्ट. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी खिडकीशी बसतो असं तुम्ही लिहिलंय. काच बंद असेल तर उपयोग नाही, त्यासाठी लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत. गॅलरीत उघड्या उन्हात थोडा वेळ उभे राहा. कपडे वाळत घालायच्या वेळेला उभे राहिलात तर दोन्ही कामं होतील.

पत्र उलट बाजूने लिहिणाऱ्या बायकाही आहेत: ‘हे दिवसभर सोफ्यावर लोळतात, व्यायाम म्हणून नाव नाही.’ त्यांनाही माझं सांगणं फारसं वेगळं नाही. भाषण आवरा, काम द्या. बाजारची पिशवी घेऊन जिन्याने वर येणं, पाण्याच्या बादल्या, माळ्यावरचं सामान, सगळं त्यांच्या नावावर करा. घरात सासू-सासरे असतील तर वाटणीचं हे बोलणं मुलानेच काढावं, सुनेने काढलं की त्याचा वेगळाच अर्थ लागतो. चाळिशीपुढच्या, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कोणीही व्हिडिओ पाहून एकदम जोरात सुरुवात करू नये. छातीत दडपलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. लॉकडाउन आहे म्हणून घरी बसून राहू नका. ताप, खोकला असेल त्या दिवसांत व्यायाम नको, विश्रांती.

अबोला तुम्हीच सोडा. मोठं काही बोलू नका. फ्रिजवरचा कागद काढा, ‘उद्यापासून केर-लादी माझी’ एवढं सांगा आणि दुसऱ्या दिवशी खरंच पुसा. ‘बघ, मी करतोय, आता तू ऊठ’ असा सौदा त्यात आणलात तर तिला तो आवाजावरूनच कळेल.

हे लिहितेय तेव्हा २०२० चा मे अर्धा सरलाय आणि ठाण्यात फिरायला बाहेर पडायची सोय नाही. बहुतेक सोसायट्यांनी गच्चीला कुलूप घातलंय. तुमची इमारत प्रतिबंधित क्षेत्रात (करोनाचे रुग्ण सापडल्यामुळे बंद केलेल्या भागात) नसेल तर सेक्रेटरींना चिठ्ठी लिहून पाहा: मजल्यानुसार अर्धा-अर्धा तास, तोंडाला मास्क, एका वेळी एकच कुटुंब. पुष्कळ सेक्रेटरी ऐकतात, लेखी मागितलं की बैठकीपुढे ठेवणं त्यांनाही सोपं जातं. तुमच्या मजल्यासाठी कुठली वेळ मागायची, हे मात्र चिठ्ठी लिहिण्याआधी तिला विचारा. सकाळचे सहा ती सांगेल असं मला वाटत नाही.